राई आणि रस्ता

झाडें मोजण्याच्या दोन रीती आहेत. एक सरकारी अंदाजपत्रकाची. तींत झाडाचा घेर छातीच्या उंचीवर फीत लावून मोजतात, सालीवर तांबड्या रंगानें आंकडा घालतात आणि 'अडथळा करणारीं झाडें, नग अमुक' असें कागदावर लिहून खालीं सही होते. दुसरी रीत आपल्या आजीची. गांवांत झाडें किती असें तिला विचारलें तर सांगतां यावयाचें नाहीं. पण जिच्याखालीं पालखी थांबते ती सातवीण, ज्याच्या ढोलींत दरसाल मधमाशा येतात तो बेहडा, ज्याच्या बिटक्यांवरून दोन घरांत बोलणें बंद झालें तो आंबा, अशी एकेकाची ओळख ती करून देईल. पहिली रीत किती तें सांगते, दुसरी कोण तें सांगते. परंतु यांपैकीं कोणतें झाड दुर्मिळ आहे, हें दोहोंपैकीं एकाही रीतीनें कळत नाहीं. दुर्मिळ झाड दिसण्यांत मुळींच दुर्मिळ नसतें. तें शेजारच्या किंजळीसारखेंच हिरवें असतें आणि त्याचीही सावली तशीच पडते. तें गेल्यावर पुन्हां कोठून आणावें हा प्रश्न पडतो, तेव्हां त्याचें दुर्मिळपण समजतें. आणि तेव्हां समजून उपयोग नसतो.

अशीं झाडें आपल्याकडे टिकलीं तीं बहुतेक देवाच्या आश्रयानें टिकलीं. देवाच्या नांवानें राखलेल्या वनास आपण देवराई म्हणतों. तळकोंकणांत नुसतें राई म्हटलें तरी भागतें. तेथला देव बहुधा साधा असतो. कोठें शेंदूर फांसलेली शिळा, कोठें वारूळ, कोठें चार जांभ्या दगडांची घुमटी. नियम मात्र कडक. राईंतली काटकीही घरीं न्यावयाची नाहीं. फार तर वाळलेलें लांकूड देवळाच्या कामास घ्यावें, तेंही गांवानें बसून ठरविल्यावर. हिंदुस्थानच्या जंगलखात्याचे पहिले मुख्य अधिकारी डीट्रिख ब्रँडिस यांनीं एकोणिसाव्या शतकांतच अशा रायांची वाखाणणी केली होती. पुढें १९७० नंतरच्या दशकांत पुण्याचे डॉ. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनीं सह्याद्रीच्या राया पायीं हिंडून पाहिल्या, आणि १९८१ सालीं महाराष्ट्रांतील दोनशेंहून अधिक रायांची यादी प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या पाहण्यांत ही संख्या अनेक पटींनीं वाढली आहे.

दुर्मिळ झाडें राईंतच कां सांपडावीं, याचें कारण गूढ नाहीं. भोंवतालचें रान कोळशासाठीं, सरपणासाठीं, काजू-आंब्याच्या कलमांसाठीं वरचेवर तुटत आलें. जीं झाडें तोडल्यावर बुंध्यापासून पुन्हां फुटतात, तीं अशा तोडींतही तग धरून राहतात. ज्यांच्या रोपांना दाट सावली, बारमाही ओल आणि कुजलेल्या पानांची जाड माती लागते, तीं मात्र एकदां उजेड शिरला कीं मागें हटतात. हटतां हटतां तीं जेथें कुऱ्हाड पोंचली नाहीं अशा दोन-चार एकरांत येऊन राहतात. चांदकुड्याचेंच पाहा. जावा बेटांत ज्याच्या चिकानें बाण विषारी करीत तो प्रसिद्ध 'उपास' वृक्ष म्हणजे हाच. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या डोंगराळ भागांत याच्या फांदीची साल ठोकून ढिली करून तिची अखंड पोतीं काढीत असत. असा हा उपयोगी आणि प्रचंड वाढणारा वृक्ष. पण आज तो पाहावयाचा तर आपल्या प्रांतांत बहुधा राईच गांठावी लागते.

दुसरें उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील दोडामार्ग तालुक्याचें. तेथें हेवाळें-बांबर्डे येथल्या राईंत रानजायफळाच्या कुळांतील एक झाड पाणथळ जागीं वाढलेलें अभ्यासकांस आढळलें. बाराही महिने चिखलांत राहणाऱ्या या झाडाच्या मुळ्यांना हवा मिळत नाहीं; म्हणून त्या गुडघ्यासारख्या वांकून चिखलाच्या वर येतात आणि श्वास घेऊन पुन्हां खालीं जातात. केरळ, कर्नाटक व गोवें येथें अशा पाणथळ राया ठाऊक होत्या. महाराष्ट्रांत अशी एखादी असेल हें कोणाच्या नोंदींत नव्हतें. २०२१ सालीं सरकारनें त्या सुमारें अडीच हेक्टर जागेस जैविक वारसास्थळ म्हणून घोषित केलें. सरकारनें योग्य तेंच केलें. पण वाचकांनीं इकडेही लक्ष द्यावें, कीं ज्या दिवशीं घोषणा झाली त्या दिवसापर्यंत त्या झाडांचें रक्षण ज्यांनीं केलें, त्यांना त्यांचें शास्त्रीय नांव ठाऊक नव्हतें, आणि त्याबद्दल त्यांना कोणी मजुरीही दिली नव्हती.

आमचें मूळ गांव याच जिल्ह्यांतलें. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. जें घडलें तें कोणत्याही गांवीं घडण्यासारखें आहे. गांवाला पांच-सहा एकरांची राई आहे. तींतून एक वहाळ निघतो आणि मे महिन्यांतही त्यांत घोटाभर पाणी असतें. आमच्यासारखे चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला तेथें जातात, वहाळाच्या कांठीं बसतात, मुलांना गारंबीचा वेल आणि तिची हातभर लांब शेंग दाखवितात, आणि मुंबई-पुण्यास परत येतात. राईच्या पलीकडे चढावर वरची वाडी आहे. तींत चाळीसएक घरें. वाडीला रस्ता नव्हता. पाऊलवाट होती, आणि ती पावसाळ्यांत ओढ्याची होई. आजारी माणूस डोलींत घालून चौघांनीं खांद्यावरून खालीं आणावा लागे. कांहीं वर्षांपूर्वीं भर आषाढांत एका बाळंतिणीला असें आणतां आणतां वाटेंतच मूल झालें. मूल जगलें, बाईही जगली. पण त्या दिवसापासून वरच्या वाडीनें रस्त्याचा ध्यास घेतला, आणि त्यांत तिचें कांहीं चुकलें असें कोणास म्हणतां येणार नाहीं.

रस्ता मंजूर झाला तो सरळ राईंतून. सरळ रेघ लांबीला कमी, आणि राई कोणा एकाच्या मालकीची नाहीं, म्हणून जमिनीचा मोबदला देण्याचा प्रश्न नाहीं. आंखणी झाली, झाडांवर तांबडे आंकडे पडले. ही बातमी आली तेव्हां आम्हां बाहेरगांवच्या मंडळींनीं निवेदन तयार करून धाडलें. त्यावर आमचीही सही होती, आणि ती केल्याचा आम्हांस खेद नाहीं. पण निवेदनानें काम थांबतें. प्रश्न सुटत नाहीं. पुढच्या ग्रामसभेस आम्ही मुद्दाम गेलों, तेव्हां वरच्या वाडीच्या एका वृद्ध काकींनीं उभ्या राहून आम्हांस एका वाक्यांत उत्तर दिलें: "तुमका दोन दिवस सावली व्हयी, आमका बारा म्हयने रस्तो व्हयो." सभेंत कोणी हंसलें नाहीं. आम्हांसही बोलण्यासारखें कांहीं सुचलें नाहीं, कारण त्यांच्या म्हणण्यांत खोटें असें कांहीं नव्हतें.

त्या सभेंत कोणी तरी सुचविलें कीं देवाला कौल लावावा. देव देईल तो निर्णय. यावर सगळ्यांचे डोळे गुरवाकडे वळले. गुरव म्हणाला, "जां आपणाक ठरवूक येणा नाय, तां देवाक इचारूचां. ह्यां आमका ठरवूक येता." देवाच्या सेवेंत ज्याचा जन्म गेला त्यानें देवावर भार टाकूं नये असें सांगावें, ही गोष्ट आमच्या मनांत घर करून राहिली आहे. त्यानंतर गांवच्या शाळेंतून निवृत्त झालेल्या गुरुजींनीं एवढेंच मागितलें, कीं रस्त्याची चर्चा पंधरा दिवस थांबवावी. राईंत काय आहे तें आधीं पाहूं, मग भांडूं.

ते पंधरा दिवस गुरुजींनीं सातवीच्या मुलांना घेऊन राईंत काढले. मुलें दोरीनें घेर मोजीत. गुरव गांवांतलें नांव सांगे. तालुक्याच्या महाविद्यालयांतले वनस्पतिशास्त्राचे एक अध्यापक सुटीच्या दिवशीं येऊन शास्त्रीय नांव आणि त्या जातीची स्थिति सांगत. वहीला तीन रकाने होते. वही भरली तेव्हां राईंत चांदकुडे अवघे चार निघाले, आणि त्यांतले तीन तांबड्या आंकड्यांचे निघाले. एक जुनें धुपाचें झाड, सीतेच्या अशोकाचीं कांहीं रोपें आणि एक पोकळ बुंध्याचा बेहडाही त्याच पट्टींत होता. बेहडा कांहीं दुर्मिळ नव्हे. पण त्याच्या ढोलींत दरसाल धनेशाचें जोडपें घर करी. धनेशाची मादी ढोलींत शिरून दार लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि पिलें मोठीं होईपर्यंत नर बाहेरून चारा आणून भरवितो, हें पुष्कळांनीं वाचलें असेल. एवढी मोठी ढोली तरुण झाडाला पडत नाहीं. आणि राईंतल्या मोठ्या बियांचीं फळें खाऊन त्या दूर नेऊन टाकण्याचें काम बव्हंशीं हाच पक्षी करतो. म्हणजे बेहडा गेला तर धनेश जाईल. धनेश गेला तर पुढच्या पिढीचीं झाडें कोण लावणार?

येथें हिशेबाचा एक मुद्दा येतो. झाड तोडावें लागलें तर त्याच्या बदल्यांत दुसरीं लावावीं, हा नियम आतां सर्वत्र रूढ झाला आहे. महाराष्ट्रांतील शहरांपुरत्या वृक्षरक्षणाच्या १९७५ च्या कायद्यांत २०२१ सालीं सुधारणा झाली. तीप्रमाणें पन्नास वर्षांवरील झाड वारसावृक्ष गणलें जातें, आणि तोडलेल्या झाडाचें वय जितकें वर्षें तितकीं नवीं झाडें लावावयाचीं असतात. हेतु चांगला आहे. पण दोनशें रोपें मिळून एक ढोली होत नाहीं, आणि रोपवाटिकेंत जें सहज मिळतें तेंच बहुधा लावलें जातें. गेलेल्या वस्तूची भरपाई तिच्या जातीच्या वस्तूनेंच व्हावयाची असेल, तर ती वस्तु कोठें तरी शिल्लक असावी लागते. चार चांदकुड्यांतले तीन तोडल्यावर चौथ्याकडून कसली भरपाई मागावयाची?

गुरुजींनीं वही सभेपुढें ठेवली तेव्हां वरच्या वाडीच्या लोकांनीं ती शांतपणें पाहिली. मग त्यांतला एक तरुण म्हणाला कीं झाडें राहूं द्या, पण रस्ता कोठून तें सांगा. प्रश्न योग्य होता. राईला वळसा घालून जाणारी एक जुनी पाणंद होती, ती रुंद केली तर वरच्या वाडीपर्यंत चढही सोपा पडत होता. लांबी सुमारें साडेतीनशें मीटरांनीं वाढत होती. पण खरी अडचण लांबीची नव्हती. पाणंदीच्या दोहों बाजूंस चार घराण्यांच्या काजूच्या बागा होत्या. प्रत्येकानें दोन-तीन गुंठ्यांची पट्टी सोडली तरच रस्ता होणार. आणि त्या चार घराण्यांत एक आमचें होतें.

सभा संपल्यावर गुरुजी आमच्याजवळ येऊन शांतपणें म्हणाले, "भाऊ, निवेदनावर सही केलीत, आतां संमतिपत्रावर करा."

झाडें वांचविण्याच्या कथा आपल्याला ठाऊक आहेत त्या बहुतेक छातीच्या कोटाच्या. १७३० सालीं मारवाडांत खेजडली येथें खेजडीच्या झाडांना मिठी मारून ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनीं प्राण दिले. १९७४ च्या मार्च महिन्यांत गढवालांतील रेणी गांवीं गौरादेवींनीं बायकांना घेऊन जंगल अडविलें आणि चिपको हें नांव जगभर गेलें. आपल्याकडे २०२० सालीं मिरज तालुक्यांतील भोसें येथला जुनापुराणा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला, तेव्हां लोकांनीं आवाज उठविला आणि वड वगळून आंखणी करण्याचें ठरलें. हे प्रसंग मोठे आहेत. पण त्यांमुळें असा समज होतो कीं झाड वांचवावयाचें म्हणजे कोणाला तरी अडवावयाचें. पुष्कळदां समोर दुष्ट माणूस नसतोच. समोर बाळंतीण असते, आणि तिला वाट हवी असते. अशा वेळीं अडविण्यापेक्षां कांहीं देणें हें अवघड काम असतें, आणि त्याची कथा कोणी सांगत नाहीं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत झाडांविषयीं जें सांगितलें आहे, त्याचा उल्लेख व्याख्यानांतून नेहमीं होतो. पण त्यांतला एक बारकावा सहसा कोणी सांगत नाहीं. आरमारासाठीं लांकूड लागतें हें तेथें मान्य आहे. आंबा-फणसाचीं झाडें मात्र तोडूं नयेत, कारण रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, असा त्यांतला आशय आहे. एखादें जीर्ण झाड घ्यावयाचेंच तर धन्यास राजी करून, त्याचें मोल देऊन घ्यावें. म्हणजे गरज कोणाची आणि झळ कोणाला, हा प्रश्न तीनशें वर्षांपूर्वींच्या राज्यकर्त्यानेंही टाळला नव्हता. आमच्या गांवीं गरज वरच्या वाडीची होती, राई सगळ्यांची होती, आणि झळ लागावयाची तर ती ज्यांनीं निवेदनावर सह्या केल्या त्यांनाच लागणें न्यायाचें होतें.

न्यायाचें तें सोपें असतेंच असें नाहीं. आमच्या सातबाऱ्यावर एकोणीस नांवें आहेत. त्यांतलीं तीन दिवंगतांचीं, दोन परदेशांत असलेल्यांचीं. आमच्या थोरल्या चुलतभावांचा, म्हणजे दादांचा, विरोध होता. त्यांचें म्हणणें असें, कीं आज गुंठा जातो, उद्यां त्याचा भाव दसपट होईल. राई गांवाची असेल तर जमीनही गांवानें द्यावी, आपणच कां? दादांनीं त्या बागेंत स्वतःच्या हातानें कलमें लाविलीं होतीं. त्यांचें म्हणणें आम्हीं लोभ म्हणून कधींच झटकलें नाहीं. दोन वेळां आम्ही त्यांच्या घरीं गेलों, दोन्ही वेळां चहा घेऊन परत आलों. तिसऱ्या खेपेस गुरुजी स्वतः मुंबईला आले आणि त्यांनीं बरोबर ती वही आणली. दादांनीं ती पानोपान पाहिली. एका पानावर त्यांच्या वडिलांचें नांव होतें. अमुक एक सुरंगीचें झाड त्यांनीं लहानपणीं राईच्या कडेला लाविलें, असें गुरवानें सांगितलें होतें आणि मुलांनीं तें जसेंच्या तसें लिहून घेतलें होतें. दादा कांहीं बोलले नाहींत. आठ दिवसांनीं संमतिपत्र पोस्टानें आलें.

सगळ्या सह्या जमेपर्यंत नऊ महिने गेले, आणि त्यांत एक पावसाळा निघून गेला. हा काळ कोणी सोसला, हें सांगितलें नाहीं तर कथा अपुरी राहील. तो वरच्या वाडीनें सोसला. राईवर कुऱ्हाड चालली असती तर त्या पावसाळ्यापूर्वींच त्यांच्या दारांत गाडी आली असती. त्यांनीं थांबावयाचें कबूल केलें तें एका अटीवर: त्या वर्षीं डोलीला खांदा खालच्या वाडीनें द्यावा. खालच्या वाडीच्या पोरांनीं पाळ्या लावून तो दिला. रात्रीं-बेरात्रीं हांक आली तरी दिला. जीं झाडें आज उभीं आहेत त्यांच्या खात्यावर दादांच्या जमिनीइतकाच हा खांदाही जमा धरला पाहिजे.

रस्ता पुढच्या उन्हाळ्यांत झाला. सगळेंच वांचलें असें नाहीं. वळणावर एक किंजळ, दोन ऐन आणि एक जुनी जांभूळ गेली. गारंबीचा एक फांटा यंत्रानें ओढला गेला. गाडीवाले वळणाबद्दल अजून कुरकुरतात. पण बेहडा आहे, चारही चांदकुडे आहेत, वहाळ वाहतो आहे, आणि वरच्या वाडीला गाडी जाते.

आतां धोका दुसऱ्या बाजूनें येतो आहे. गांवांत पैसा आला. देवाची उघडी घुमटी लोकांना खुजी वाटूं लागली. मोठा सभामंडप, फरशी, वाहनतळ अशा योजना निघाल्या आहेत. रस्ता राईच्या कडेनें वळवितां आला. पण देऊळ तर राईच्या मध्यभागींच आहे. देवासाठीं राई तोडणें हा अपराध, मग देवळासाठीं तोडणें हें पुण्य कसें, असा प्रश्न गुरवानें सभेंत विचारला आहे, आणि त्यावर अजून निर्णय नाहीं. मंडप राईबाहेर, नव्या रस्त्याच्या कडेला बांधावा, अशी एक सूचना पुढें आली आहे. ती मान्य होईल कीं नाहीं, हें आज कोणी सांगूं शकणार नाहीं.

एवढें मात्र दिसतें कीं आजवर राईचें रक्षण जिनें केलें ती देवाची भीति आतां पातळ होत चालली आहे. ती परत आणावी असें आम्हांस वाटत नाहीं, आणि ती परत येणारही नाहीं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानें प्रत्येक गांवाला आपल्या झाडा-झुडपांची नोंदवही ठेवण्याची आणि त्यासाठीं समिति नेमण्याची सोय करून दिली आहे. पण कायदा वही देतो. तींत लिहिणारा हात गांवानेंच द्यावा लागतो. भीतीची जागा घेईल अशी एकच गोष्ट आम्हांस दिसते, ती म्हणजे ओळख. जें झाड आपण नांवानें ओळखतों, ज्याचा घेर आपण लहानपणीं दोरीनें मोजला, त्यावर तांबडा आंकडा घालणाऱ्याला निदान थांबून विचारावेंसें वाटतें.

गुरुजींची वही आतां शाळेंत आहे. दरसाल मे महिन्यांत सातवीचीं मुलें तींत नवीं पानें जोडतात. मागल्या खेपेस त्यांना चांदकुड्याखालीं तीन रोपें सांपडलीं. एक गुरांनीं खाल्लें, एक पावसांत वाहून गेलें. तिसऱ्याभोंवतीं मुलांनीं काट्यांची वई घातली आहे, आणि त्याचा घेर अजून दोरीनें मोजण्याजोगा झालेला नसल्यामुळें वहींत नुसती त्याची उंची लिहिली आहे: चौदा अंगुळें.